न झाडलेलं अंगण

दिवाळी सरली की आमच्याकडे हवेला उसाचा वास येतो. गोड म्हणावा तर नुसता गोड नाही. ओल्या पानाचा, चिरडलेल्या कांड्याचा, आणि संध्याकाळी कुठं पाचट पेटवलं असेल तर करपल्याचा. मग रस्त्यावर टायरगाड्या दिसायला लागतात. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज लांबून फार छान वाटतो. गाडी जवळ आल्यावर बैलांच्या सोललेल्या माना दिसतात, आणि मग तो आवाज नकोसा होतो.

काल कालव्याच्या पलीकडे तोडणीची टोळी उतरली. मी धुणं घेऊन गेले होते. गाडीवरून एक बाई उतरली, कडेवर दीड-दोन वर्षांचं पोर. तिनं पाणी कुठं आहे ते विचारलं नाही, चुलीला जागा पाहिली नाही. पोराला खाली ठेवलं आणि त्याला कशाला बांधायचं, ते शोधत राहिली. शेवटी बाभळीचा बुंधा सापडला. कमरेला जुन्या लुगड्याचं धडुतं बांधलं, दुसरं टोक बुंध्याला. पोर रडलंसुद्धा नाही. त्याला सवय असणार.

मी धुणं तसंच ओलं घेऊन घरी आले.

आणि आज सकाळी नारायणगावहून सुनेचा फोन. नातू तिथल्या प्ले स्कूलमध्ये जातो, गळ्यात टाय, पायात मोजे. "आई, रविवारी हे येतील ना, त्यांच्याकडे थोडी माती द्या. शाळेत मागितलीये. पोरांना मातीत हात घालायला देणार आहेत. चाळून द्या, खडे नकोत. आणि स्वच्छ जागेची घ्या बरं का."

"किती?" मी विचारलं.

"पिशवीभर पुरे. छोटी पिशवी."

फोन ठेवला आणि मी बसूनच राहिले. माती पिशवीत घालून शाळेत न्यायची वेळ येईल असं आम्हाला कोणी सांगितलं असतं, तर आमच्या झाडाखालची पोरं हसून हसून लोळली असती. मातीतच लोळली असती.

आमची अंगणवाडी तेव्हा चिंचेखाली भरायची. खोली मंजूर झालेली होती, पण ती कागदावर. सेविका म्हणून बाई होत्या. बाई दहावी झालेल्या, स्वच्छ साडी, गळा गोड. मी मदतनीस. पाणी भरायचं, उसळ नाहीतर खिचडी शिजवायची, पोरांना घरोघरून गोळा करून आणायचं आणि जागा झाडायची. मला चारचौघांत बोलता येत नाही. लहानपणापासून नाही. मोठं माणूस समोर आलं की तोंडातला शब्द पदरात जातो. पोरांशी मात्र मी बोलायचे. पोरं काही तुमच्याकडे बघत नाहीत, तुम्ही दाखवता त्याच्याकडे बघतात. त्यामुळं मला बरं वाटायचं.

जागा झाडण्यावरून बाई आणि माझं नेहमी व्हायचं. "अगं, आधी झाडून घेत जा ना. पोरं आल्यावर कसली झाडतेस? धूळ उडती सगळ्यांच्या नाकात."

मी मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच करायचे. कारण पोरं येण्याआधी झाडलं तर रात्रीचं सगळं पुसून जायचं.

माझं माहेर आणे पठारावर. तिकडे पाणी कमी, झाडं कमी, म्हणून नजर लांब जाते. कोण येतंय, कोण जातंय, सगळं दिसतं. वडील शेरडं राखायचे. सकाळी शेरडं कोंडायच्या वाडग्यापाशी उकिडवे बसायचे आणि मला म्हणायचे, "बघ, रातीचं कोण आलं व्हतं." मी धुळीत बघायचे. मुंगसाची बारीक पावलं, सापाची वळत गेलेली ओळ, टिटवीची तीन बोटं. चौथीपर्यंत शाळा गावात होती, पुढची लांब होती, म्हणून माझी शाळा चौथीला थांबली. धुळीतलं वाचणं कुणी थांबवलं नाही.

तेच मी चिंचेखाली करायचे. पोरं आली की झाडाभोवती रांगेनं बसायची, पाय धुळीत टाकायची नाहीत. मी विचारायचे, "रात्री कोण आलं होतं?" मग एकेक सुरू. "मावशी, कुत्रं!" "मावशी, कोंबडी, आणि तिची पिल्लं!" नख उमटलं असेल तर कुत्रं. नख उमटलं नसेल तर मांजर, कारण मांजर चालताना नखं आत ओढून घेते. तीन-चार वर्षांची पोरं, नाक पुसायची अक्कल नाही, पण हे बरोबर सांगायची. मग आम्ही पावलं काढायचो. मूठ दाबायची की तळवा होतो, आणि वर चार बोटांची टोकं टेकवायची. मग झाडणं. मग चिंचोके मोजणं, गुळगुळीत वेगळे, खरबरीत वेगळे. डोळे मिटून ऐकणं. पानगळ सुरू झाली की बारीक पिवळी पानं पोरांच्या केसांत पडायची, ती एकमेकांनी वेचायची. बाई गाणी म्हणायच्या. त्यांच्या गाण्यांत पाखरं असायची आणि डोक्यावर पाखरं असायची, त्यामुळं वेगळं काही शिकवावं लागत नव्हतं.

मी इकडे लग्न होऊन आले तेव्हा बाजरी, हरभरा, कांदा असायचा. मग कालव्याचं पाणी नेमानं यायला लागलं आणि ऊस वाढला. लोकांच्या घरांवर स्लॅब पडले, पोरांच्या पायात चपला आल्या. ते वाईट झालं असं मी म्हणणार नाही. माझ्या घरावरचाही पत्रा त्याच उसानं बदलला. पण ऊस आला आणि नजरेला कूड लागला. चिंचेच्या पलीकडे तात्यांचा ऊस होता. तात्या म्हणजे गावातले मोठे, त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. त्यांचा ऊस अंगणाच्या अगदी काठापर्यंत. बाई एकदा म्हणाल्या होत्या, "तात्या, दोन सऱ्या सोडा ना मधे, पोरं असतात." तात्या हसले होते. "बाई, दोन सऱ्यात किती ऊस बसतो, ठाव हाय का?"

एका वर्षी तोडणीच्या टोळीच्या खोप्या तात्यांच्या शेताच्या बांधाला पडल्या, आमच्या झाडापासून हाकेच्या अंतरावर. दुसऱ्याच दिवशी एक पोरगी येऊन उभी राहिली. तीन वर्षांची असेल. केसांच्या जटा, अंगात भावाचा सदरा पायापर्यंत. बसली नाही. झाडाला पाठ लावून बघत राहिली. मी उसळ वाढताना तिच्या हातावर पण घातली. बाई म्हणाल्या, "हिचं नाव आपल्या पटावर नाही." मग त्याच म्हणाल्या, "असू दे. तळाचं उरतंच." बाई वाईट नव्हत्या. आणि झाडाला उंबरा नसतो. कोण आत, कोण बाहेर, हे झाडाखाली कुणाला कळत नाही.

तिचं नाव छबी. आई कौसा, बापाबरोबर कोयता चालवायची. बीडकडची माणसं. छबी पहिले काही दिवस बोललीच नाही. आमची पोरं तिला "मुकी, मुकी" म्हणायची. मी तिला काही विचारत नव्हते, कारण न बोलणाऱ्याला विचारलं की काय होतं ते मला माहीत आहे. एका सकाळी सगळी पोरं एका पावलावर भांडत होती. एक म्हणे कुत्रं, एक म्हणे कोल्हं. छबी मागून आली, वाकली, आणि म्हणाली, "लंगडंय." आम्ही बघितलं. खरंच, एक पाऊल हलकं उमटत होतं. खोपीपाशी एक लंगडं कुत्रं फिरायचं, तेच ते. त्या दिवसापासून तिला कोणी मुकी म्हणालं नाही. तीच आता सगळ्यांच्या आधी येऊन रांगेत बसायची. कौसा फडात जाताना मला हाक मारून जायची, "मावशी, लेकरू हाय बरं का तुमच्याकडं." मी हात वर करायचे.

त्या दिवसांचा मला अजून सुगंध येतो. पौषातलं ऊन, उलटे केलेले खापराचे तुकडे आणि त्यांच्याखालची ओली माती, चिंचेचा आंबट-गोड गर पोरांच्या हनुवटीला लागलेला. मला वाटायचं, हे असंच राहणार. मोडेल असं त्यात काय आहे? झाड आहे, धूळ आहे, पोरं आहेत.

फड निम्मा झाला आणि तोडणाऱ्यांना उसात पिल्लं सापडली. बिबट्याची. तीन पिल्लं, डोळे नुकते उघडलेले. तोडणी थांबली, आरडाओरडा झाला. जिथं सापडली तिथंच ठेवून माणसांनी बाजूला व्हायचं, हे आज सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. बेल्ह्याच्या बाजारात वासरू आणल्यासारखं गाव गोळा झालं. तात्या म्हणाले, "आरं, पाटीत घाला, चिंचंखाली आणा. पोरांना दावू. पुस्तकातला वाघ काय बघायचा, हा बघा म्हणावं जित्ता!"

पाटी आमच्या झाडाखाली आणून ठेवली. मोटारसायकली लावून लोक येत होते. ज्याच्याकडे कॅमेरा होता त्यानं फोटो काढले. ज्याच्या त्याच्या हातात पिल्लू. आमच्या पोरांच्या मांडीवर पण दिलं. मऊ होतं, उसाच्या पाचटाचा आणि दुधाचा वास येत होता. एक पिल्लू सारखं तोंड उघडत होतं, आवाज निघत नव्हता. छबी लांब उभी होती. मी म्हटलं, "ये ना, हात लावून बघ." तिनं मान हलवली. म्हणाली, "त्याची आय रागवंल."

सगळे हसले. तात्या तर लईच हसले. "आयला म्हणावं, ये, चहा पिऊन जा."

तिन्हीसांजेला फॉरेस्टचे लोक आले. त्यांनी सगळ्यांना हटवलं, पाटी पुन्हा फडात नेऊन ठेवली, म्हणाले आज इकडे कोणी फिरकू नका. सकाळी पाटी रिकामी होती. आई येऊन घेऊन गेली. गाव म्हणालं, सुटलो.

मी नेहमीसारखी पोरं घेऊन झाडाखाली गेले. केरसुणी बाजूला ठेवली. "रात्री कोण आलं होतं?"

पोरं बसलीच नाहीत. छबी दोन पावलं पुढं झाली. मग हळूच म्हणाली, "मावशे, मांजर. लई मोठी मांजर आल्ती."

झाडाभोवती पावलंच पावलं होती. माझ्या तळहाताएवढी. नख नव्हतं. जिथं पाटी होती तिथं माती उकरलेली, आणि तिथून पुन्हा फेऱ्या, पुन्हा फेऱ्या. पोरं जिथं बसली होती तिथंही ती हुंगत फिरली होती. तिची पिल्लं आम्ही मांडीवर घेतली होती ना. ती आमच्या मांडीपर्यंत आली होती.

त्या सकाळी मी अंगण झाडलं नाही. पोरांना उचलून घरोघरी पोचवलं.

दुपारी पारावर सगळे जमले आणि अंगणवाडी खोलीत हलवायचं ठरलं. सोसायटीची खोली, तात्यांच्या ताब्यातली, खताची पोती ठेवायची. पोती एका बाजूला सारली. युरियाचा वास असा, की पोरांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. एक खिडकी, उंचावर. दाराला आतून कडी. आमच्या गावची पोरं आत बसली. आणि छबी दाराबाहेर.

मी बाईंना म्हटलं, "हिला पण घेऊ ना आत." बाई खाली बघत म्हणाल्या, "मला काय घ्यायला नको आहे का? पण खोली तात्यांनी दिलीये. त्यांना विचार."

मी गेले. आयुष्यात पहिल्यांदा चार पुरुष बसलेल्या ओट्यासमोर काही मागायला उभी राहिले. तोंडात पदर होता, तरी बोलले. म्हटलं, तोडणीवाल्यांची पोरं फडाच्या कडेला उघड्यावर असतात. आपल्यापेक्षा त्यांनाच जास्त भ्या आहे. आठ-पंधरा दिवस आत बसू द्या.

तात्या म्हणाले, "अगं बाये, टोळी काय आज हाय, उद्या न्हाई. खोली केवढी, पोरं केवढी. आन् त्यांची लेकरं जल्माला आल्यापासून फडातच हायेत. त्यांना वाघाचं काय नवाल?"

शेजारचा एकजण म्हणाला, "मावशी, वाघाचंबी नाव घालू का पटावर? खिचडी खाईल बिचारा!"

हसले. मी पण हसले बहुतेक. मला अशा वेळी हसू येतं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. मग मी परत आले आणि कडी लावून घेतली, कारण पोरं आत होती.

दुसऱ्या दिवसापासून कौसानं छबीला बांधायला सुरुवात केली. बैलगाडीच्या चाकाला, कासऱ्यानं, कमरेला दुहेरी गाठ. मी पाणी आणायला जाताना बघितलं. म्हटलं, "कौसा, अगं…"

ती कोयत्याला धार लावत होती. वर न बघता म्हणाली, "सुटं ठिवलं तर उसात शिरतंय. बांधल्यावर हाक मारली की सापडंल तरी. मावशी, तुमच्या झाडाखाली व्हती तवर माजा कोयता नीट चालायचा. आता सारखं मागं बघावं लागतंय. काल हात चिरला." तिच्या बोटाला फडकं होतं. मग म्हणाली, "तुमच्या लोकांनी पिल्लं कशाला उचलली वं?"

मी हंडा उचलला आणि वाटेला लागले.

छबी चाकाभोवती फिरायची. दोरी पुरेल तेवढं तिचं अंगण. त्या गोलात तिनं माती हातानं सारखी केली होती, अगदी लोण्यासारखी. मी खोलीच्या दारातून बघायचे. पोरं आत फळीवर टांगलेल्या चित्रातला पोपट बघून ओरडत असायची आणि बाहेर ती एकटी मूठ दाबत, चार बोटं टेकवत बसलेली असायची. एक पाऊल, त्याच्यापुढं एक पाऊल, गोल गोल, दोरी पुरेल तिथपर्यंत. दोन्ही हातांच्या मुठी जोडून मोठा तळवा करायला ती आपली आपणच शिकली होती.

एके दिवशी संध्याकाळी ती खोपीत झोपली असताना टोळीच्या मुकादमानं चाकापाशी ती पावलं बघितली. त्यानं आरडाओरड केली. गाव धावलं. फटाके, डबे, काठ्या. "पोरगी बांधलेली ठाव हाय त्याला! चकरा मारून गेला!" कौसा छबीला छातीशी धरून उभी होती. मी गर्दीतून पुढं गेले. खाली बसले. बोटांची टोकं स्पष्ट दिसत होती, एका ठिकाणी तर लहान नखाची चंद्रकोर. म्हटलं, "तात्या, ही पोरीनं काढल्यात. झाडाखाली आमी काढायचो तशी." छबीनं पण आईच्या खांद्यावरून मान हलवली. हो म्हणाली. एक पाऊल काढूनसुद्धा दाखवलं.

मला वाटलं, आता संपलं.

तात्यांनी पायानं ते पाऊल पुसलं. म्हणाले, "आज खोटी, उद्या खरी. उघड्यावर लेकरं दिसली की त्यो येणारच. ह्यांच्या वासानं त्यो गावात यायचा. मुकादम, खोप्या हलवा. वढ्याच्या पल्याड न्या." 

"तिकडं झाडी लई हाय, तात्या," मुकादम म्हणाला.

"मग हाय तर हाय. गावापसनं लांब हाय ना?"

दुसऱ्या दिवशी खोप्या मोडल्या. बांबू, चटया, भांडी गाडीत, वर छबी. ती माझ्याकडे बघत नव्हती, खाली चाकाकडे बघत होती. चाक तिच्या पावलांवरून गेलं. ओढ्याच्या पलीकडे करवंदीच्या जाळ्या, घाणेरी, मोठाले दगड. तिथून तोडायला येताना कौसाला आणखी लांब पडायचं, आणि छबीला बांधायला तिथंही तेच गाडीचं चाक. फड संपल्यावर टोळी तिकडूनच परस्पर पुढच्या गावाला गेली. पुढं कुठल्या कुठल्या गावात काय काय झालं त्याच्या बातम्या यायच्या. तोडणीवाल्याचं लेकरू, एवढंच त्यात असायचं. नाव सहसा नसायचंच. मी प्रत्येक वेळी विचारायचे, मुलगी का मुलगा? सांगणाऱ्याला माहीत नसायचं.

बिबट्यानं आमच्या गावातल्या एकाही पोराला ओरखडा काढला नाही, हे मी खरं तेच सांगते. तरी पोरं बदलली. होळीनंतर शेतं मोकळी झाली तेव्हा मी एकदा कडी काढली, म्हटलं चला झाडाखाली. पोरं दारात उभी राहिली. एकानं पाय बाहेर टाकला आणि मागं घेतला. ज्या मातीत ती लोळत होती, तिच्याकडे ती विहिरीत बघावं तशी बघत होती. शिकवायला वर्ष लागलं होतं. विसरायला एवढेसे दिवस.

मग मंजूर झालेली खोली खरंच आली. झाडावर जनावर बसेल म्हणून चिंच तोडली. बुंधा कोणी नेला ते सगळ्यांना माहीत आहे. आता तिथं फरशी आहे, भिंत आहे, लोखंडी फाटक आहे. भिंतीवर चित्रकारानं हिरवंगार झाड रंगवलंय, झाडावर पोपट, आणि झाडाखाली बिबट्या. हसरा बिबट्या, गालावर गुलाबी रंग. पोरं त्याला हात लावून पळतात. बाईंची बदली झाली. मी अजून आहे. रोज फरशी पुसते. फरशीवर रात्रीचं काही उमटत नाही, त्यामुळं केव्हाही पुसलं तरी चालतं.

दुपारी मी पाटी घेऊन सुनेसाठी माती आणायला निघाले. अंगणवाडीपाशी माती नाही. म्हणून कालव्याकडे गेले. ती बाभूळ तिथंच होती, ते पोर पण. धडुत्याच्या टोकाला बसून माती खात होतं. त्याची आई फडात कुठंतरी, कोयत्याचा आवाज येत होता. मी त्याच्या शेजारी बसले आणि दोन ओंजळी माती घेतली. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग पाटीकडे. कुणी आपलं काहीतरी नेतंय असं त्याला वाटलं असेल. मी त्याच्या तोंडातली माती बोटानं काढली. मग गाठ बघितली. घट्ट होती. सोडावी असं हाताला वाटलं. पण सोडून कुठं न्यायचं? समोर ऊस, मागं फाटक. मी गाठ तशीच ठेवली.

घरी येऊन माती चाळली. खडे, काटक्या, एक शंखाचा तुकडा, सगळं वर राहिलं. खाली परातीत पिठासारखी माती, एकदम सारखी. मग मूठ दाबली. वर चार बोटं टेकवली.

पाऊल चांगलं उमटलं होतं. नख नव्हतं.

सुनेनं स्वच्छ माती मागितली होती. मी परात हलवून ते मोडलं, माती पिशवीत भरली आणि वर गाठ मारली. दुहेरी.